सुरू होतो, पण होत नाही

पूर्ण बंद पडलेल्या यंत्राचं एक बरं असतं, त्याची आशा सोडता येते. मिक्सर जळला, वास आला, विषय संपला. दुसऱ्या दिवशी माणूस नाशिकला जाऊन नवा घेऊन येतो. छळतं ते अर्धवट चालू होणारं यंत्र. बटण दाबलं की हिरवा दिवा लागतो, पंखा फिरतो, आतून घरघर ऐकू येते, पडद्यावर कंपनीचं चिन्ह उमटतं आणि मग काही नाही. काळा पडदा आणि वरच्या कोपऱ्यात लुकलुकणारी एक आडवी रेघ. त्या रेघेपायी घरातला शहाणासुरता माणूस अर्धा अर्धा तास खुर्चीवर बसून राहतो. चहा होतो, तो पिऊन होतो, कप विसळून होतात. रेघ लुकलुकतच असते.

आमच्या घरी असा कॉम्प्युटर आहे. माझ्या सासऱ्यांचा. घरात आणि गल्लीत त्यांना सगळे आप्पा म्हणतात. आमचं गाव ओझर, पण बाहेरच्या माणसाला आम्ही नुसतं ओझर कधी सांगत नाही, 'ओझर मिग' असं जोडून सांगतो. नाहीतर पाहुणा जुन्नरकडे, अष्टविनायकातल्या ओझरला जाऊन पोचायचा. विघ्नहर त्या ओझरला आणि विघ्नं मात्र या ओझरला, अशी वाटणी झालेली दिसते. आमच्याकडे विमानांचा कारखाना आहे. 1964 साली हिंदुस्तान एरोनॉटिक्सने तो मिग-21 बनवण्यासाठी इथे उभा केला आणि मुंबई-आग्रा रस्त्यावरच्या या गावाच्या नावाला रशियन विमानाचं शेपूट लागलं ते कायमचं. आप्पांची सगळी नोकरी त्याच कारखान्यात, इन्स्पेक्शनला झाली.

इन्स्पेक्शनचा माणूस घरात असणं म्हणजे काय, ते ज्याच्या घरात असतो त्यालाच कळतं. विमानाच्या कामात प्रत्येक गोष्टीला कागद असतो, कागदावर सही असते, सहीशेजारी शिक्का असतो. एखादा पाना जागेवर परत आला नाही तर तो सापडेपर्यंत विमान सोडत नाहीत. अशा शिस्तीत उभा जन्म गेलेला माणूस निवृत्त झाला की ती शिस्त घरावर येते. आमच्याकडे गॅसचा सिलिंडर बदलल्याची तारीख कॅलेंडरवर आप्पांच्या आद्याक्षरांसह असते. पण गंमत अशी, की याच आप्पांना मी कॉम्प्युटरच्या डब्याला उजव्या बाजूने थाप मारताना पाहिलेलं आहे. मी पाहिलं हे त्यांनीही पाहिलं. "व्हायब्रेशन टेस्ट होती, सूनबाई," ते म्हणाले.

कॉम्प्युटर घेतला तेव्हा विंडोज एक्सपीचं राज्य होतं. त्या काळात कॉम्प्युटर ही वस्तू देवघराच्या खालोखाल पवित्र होती. मी लग्नाआधी एमएस-सीआयटी केलं, तेव्हा क्लासच्या दाराबाहेर चपला काढाव्या लागत. आत एसी, काचेचं दार, आणि धूळ गेली तर मशीन बिघडेल ही सगळ्यांच्या मनात बसलेली भीती. आमच्या घरातही त्याला मखमली झालर शिवलेली खोळ होती आणि दर खंडेनवमीला त्याची पूजा होई. कारखान्याच्या गावात ती चुकणं शक्यच नव्हतं. कारखान्यात यंत्रांना हळदकुंकू, घरात स्क्रूड्रायव्हर, पक्कड, शिवणयंत्र आणि कॉम्प्युटर यांना.

हा कॉम्प्युटर काढून का टाकत नाही, असं पुण्यातला माझा मुलगा दर सुट्टीत विचारतो. कारण त्यात आप्पांची वंशावळ आहे. निवृत्तीनंतर त्यांनी आत्या, मावश्या, चुलत चुलते यांच्याकडे जाऊन जाऊन नावं गोळा केली, कोण कुठे दिली, कोण कुठून आली, कोणाचं दुसरं लग्न, कोण लहानपणीच गेलं, असं सगळं. आणि ते टाइप केलं त्या वेळच्या एका मराठी सॉफ्टवेअरमध्ये, ज्याला डब्याच्या मागे प्रिंटरच्या जागी खोचायचं एक प्लास्टिकचं कुलूप लागे. ते कुलूप नसेल तर सॉफ्टवेअर उघडत नाही, आणि आजच्या लॅपटॉपला ते खोचायला भोकच नाही. वंशावळीची छापलेली एकुलती प्रत मोठ्या आत्याबाईंनी 'वाचून देते' म्हणून नेली. आत्याबाईही आता वंशावळीतच आहेत.

मुलाने मध्यंतरी हार्ड डिस्क बाहेर काढून फाइली आपल्या लॅपटॉपवर उतरवून घेतल्या. उघडल्या तर पानभर इंग्रजी अक्षरं, डॉलरची खूण, कंस आणि टिंबं. त्या काळातले मराठी फॉन्ट हे तसे सोंगाडेच होते. आत साठायचं इंग्रजी अक्षर, वर दाखवायचा मराठी मुखवटा. फॉन्ट गेला की मुखवटा गेला. मग त्याने इंटरनेटवरून कन्व्हर्टर शोधला. त्यातून मराठी आलं खरं, पण रफार एकेक अक्षर पुढे सरकलेले. जुन्या बातम्यांच्या संकेतस्थळांवर 'कायर्क्रम' वाचायची आपल्याला सवय आहे, तिथे चालून जातं. पण आप्पांनी चष्मा पुसून वाचलं : दुगार्बाई. "माझी आजी दुर्गाबाई होती," ते म्हणाले, आणि लॅपटॉप मुलाच्या हातात परत दिला. चारशेच्या वर नावं. प्रत्येक नाव मूळ पानाशी ताडून पाहिल्याशिवाय ते सही करणार नव्हते. आणि मूळ पान पाहायचं तर जुना कॉम्प्युटर सुरू व्हायला हवा.

मागच्या शरद ऋतूत, म्हणजे 2025 च्या, आमच्याकडे एक विचित्र पंधरवडा-तीन आठवडे गेले. 26 सप्टेंबरला चंदीगडला मिग-21 निवृत्त झालं, 1963 पासूनच्या सेवेनंतर. आप्पांनी तो समारंभ टीव्हीवर पाहिला. विमानांवर पाण्याच्या फवाऱ्यांची सलामी झाली तेव्हा त्यांनी फक्त आवाज वाढवायला सांगितला. 14 ऑक्टोबरला मायक्रोसॉफ्टने विंडोज 10 चा पाठिंबा थांबवला, आणि मुलाचा फोन आला की आजोबा, तुमचं एक्सपी तर 2014 सालीच गेलं, आता त्याचा नातूही गेला. आणि 17 ऑक्टोबरला इथे, आमच्याच ओझरला बनलेलं पहिलं तेजस मार्क-वन-ए संरक्षणमंत्र्यांसमोर उडालं. गल्लीतली म्हातारी मंडळी गच्चीवर जमली होती. आप्पा आवाजावरून विमान ओळखतात. सुखोई असेल तर मान वर न करता सांगतात. त्या दिवशी मात्र मान वर करून बराच वेळ उभे होते. खाली आल्यावर म्हणाले, "आवाज चांगला आहे." त्यांच्या शब्दकोशात ही बरीच मोठी शाबासकी आहे.

दिवाळीला मुलगा नवा लॅपटॉप घेऊन आला. आप्पांनी त्याला कुंकू लावलं, आशीर्वाद दिला आणि जुन्याच्या शेजारी ठेवून दिला.

मग थंडी पडली आणि जुन्याने खरं रूप दाखवायला सुरुवात केली.

अर्धवट सुरू होणाऱ्या कॉम्प्युटरभोवती माणसं कशी जमतात हे पाहण्यासारखं असतं. ताप आलेल्या माणसाला जसा प्रत्येक जण काढा सांगतो, तसं म्हणायचा मोह होतो, पण तापाच्या बाबतीत निदान डॉक्टर हा एक वेगळा प्राणी आहे असं लोक मानतात. कॉम्प्युटरच्या बाबतीत तेवढंही नाही. "व्हायरस असेल," हे निदान तर ज्याने कॉम्प्युटरला कधी हात लावला नाही तोही देतो. समोरचे नाना द्राक्षबागाईतदार. ते म्हणाले, "थंडीने धरलाय." सगळे हसले. पुण्याहून मुलगा व्हिडिओ कॉलवर म्हणाला, रॅम बदला, बॅटरी बदला, केबल बदला, एसएमपीएस बदला आणि एकदाच सगळं करून बघा. आप्पांना हे ऐकून खरोखर दुखलं. "चार गोष्टी एकदम बदलल्या आणि चालू झाला, तर कशाने झाला ते कसं कळणार?" मुलगा म्हणाला, "कळायला कशाला पाहिजे?" दोन पिढ्यांमधलं अंतर मी आयुष्यात इतकं स्पष्ट कधी ऐकलं नव्हतं.

आप्पांनी दोनशे पानी वही काढली. रकाने आखले : तारीख, वेळ, काय केलं, काय झालं, शेरा. कारखान्यात बिघाडाला 'स्नॅग' म्हणतात, म्हणून वहीवर 'स्नॅग रजिस्टर'. नियम एकच, एका वेळी एकच बदल. डबा उघडायचा तर मला स्टीलची वाटी आणून द्यायची. निघेल तो स्क्रू वाटीत, आणि वहीत स्क्रूंची संख्या. आपल्यापैकी ज्यांनी ज्यांनी घरी काही उघडलं आहे त्यांना माहीत असतं की जोडून झाल्यावर एक स्क्रू उरतोच, आणि आपण तो 'जास्तीचाच असेल' म्हणून खिडकीत ठेवतो. आप्पांच्या घरात तसा स्क्रू उरत नाही.

डबा उघडला तेव्हा आधी धूळ निघाली, ती ओझरची बारीक धूळ नव्हे, राखाडी, लोकरीसारखी जमलेली. प्रोसेसरवरच्या पंख्याच्या पात्यांमध्ये काहीतरी तपकिरी, चुरगळलेलं अडकलं होतं. आप्पांनी चिमट्याने काढलं : झेंडूच्या पाकळ्या. खाली बोर्डाच्या कडेला तांदळाचे दाणे, कुंकवाने गुलाबी झालेले. इतक्या वर्षांच्या खंडेनवम्या वरच्या जाळीतून आत पडून साठल्या होत्या. सासूबाई दारातूनच म्हणाल्या, "म्हणून तर एवढी वर्षं चालला." आप्पांनी रजिस्टरमध्ये नोंद केली : बाह्य वस्तू सापडल्या, काढल्या. विमानाच्या इंजिनाजवळ खिळ्याएवढी बाह्य वस्तू सापडली तर काय गोंधळ होतो हे ते मला सांगत होते, आणि एका हाताने अक्षता वेचून वाटीत टाकत होते. स्क्रूंच्याच वाटीत. सासूबाईंनी वाटी बदलून दिली.

मग बीप मोजायचं काम आलं. कॉम्प्युटर सुरू होताना आधी स्वतःला तपासतो, प्रोसेसर, मेमरी, पडद्याचं कार्ड, कीबोर्ड. आणि पडदाच लागला नसेल तर तक्रार आवाजाने करतो. एक छोटा बीप म्हणजे सगळं ठीक. लांबलांब बीप पुन्हा पुन्हा आले तर बहुधा रॅम. एक लांब, दोन छोटे म्हणजे बहुतेक पडद्याचं कार्ड. कंपनीगणिक ही भाषा बदलते ती निराळी डोकेदुखी. आप्पांचा उभा जन्म जेट इंजिनांच्या शेजारी गेल्यामुळे त्यांना बारीक आवाज ऐकूच येत नाही. म्हणून कुकरच्या शिट्ट्यांसारखे बीप मोजायला मला उभं केलं. "दोन की तीन?" "दोनच वाटले." "वाटले लिहू का मी रजिस्टरमध्ये?" मग पुन्हा बंद, पुन्हा चालू.

रॅमच्या पट्ट्या काढल्या. त्यांच्या कडेला सोनेरी दातांची रांग असते, तिच्यावर काळपट थर आला होता. तो पुसायला मुलांचं साधं खोडरबर लागतं, ही युक्ती दुरुस्तीच्या दुकानातल्या मुलांनी जगभर पसरवलेली आहे. आप्पांनी नातवाच्या जुन्या कंपासपेटीतून खोडरबर आणलं, एकाच दिशेने हलक्या हाताने घासलं, चुरा ब्रशने झाडला. त्या दिवशी कॉम्प्युटर एक्सपीच्या हिरव्या टेकडीपर्यंत गेला. घरात पेढे यायचे बाकी होते. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा काळा पडदा, आडवी रेघ.

मग बॅटरी. बोर्डावर रुपयासारखी एक बॅटरी असते, तीन व्होल्टची. तिच्यावर 2032 असं लिहिलेलं असतं. वीस मिलिमीटर व्यास आणि 3.2 मिलिमीटर जाडी, एवढाच त्याचा अर्थ. कॉम्प्युटर बंद असतानाही त्याचं घड्याळ या बॅटरीवर चालतं. ती संपली की बिचाऱ्याला आजची तारीख माहीत नसते. आमचा प्रत्येक सकाळी उठून 1 जानेवारी 2002 सांगत होता. म्हणजे माझं लग्न व्हायचं होतं, मुलगा नव्हता, आणि आप्पा अजून पहिल्या पाळीला जात होते. घड्याळाच्या दुकानातून नवी बॅटरी आणली, तारीख लावली. तारीख राहिली. कॉम्प्युटर राहिला नाही.

माझा धीर इथे सुटत आला होता. इतक्या मेहनतीत आप्पांनी नवा लॅपटॉप शिकून, दुगार्बाईच्या दुर्गाबाई करून, सगळी नावं पुन्हा टाइप केली असती. तसं मी म्हटलंही. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "नावं चुकली तर सांगणारं आता कोण आहे?" यावर मी काही बोलले नाही आणि बीप मोजायला उभी राहिले.

उत्तर निघालं ते वहीतून, डब्यातून नव्हे. एका रविवारी आप्पा पानं मागेपुढे करत बसले आणि 'वेळ' या रकान्यावर त्यांचं बोट थांबलं. सकाळी केलेला प्रत्येक प्रयत्न फसलेला. दुपारी दोन-अडीचनंतरचे बरेच यशस्वी. रॅम पुसून हिरव्या टेकडीपर्यंत गेला होता तोही दुपारीच. खोडरबराला फुकट श्रेय मिळालं होतं. आता त्यांनी रोज सकाळी पेपरमधला निफाडचा पारा लिहायला सुरुवात केली. आमच्या तालुक्यातल्या कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात मोजला जाणारा तो पारा दर डिसेंबरात महाराष्ट्रभर बातमी होतो. लोक महाबळेश्वरला थंडी शोधायला जातात. आम्ही ती गव्हासाठी ठेवतो आणि द्राक्षांवरून काढून टाकायला धडपडतो. पारा फार उतरला की द्राक्षाचे मणी तडकतात, म्हणून नाना आणि त्यांच्यासारखे बागाईतदार पहाटे बागेत शेकोट्या पेटवून धूर करतात. जितका पारा खाली, तितका आप्पांचा कॉम्प्युटर आडमुठा. नाना बरोबर होते. त्याला थंडीनेच धरलं होतं.

कारण असं, की बोर्डावर प्रोसेसरभोवती छोट्या पिंपांसारखे कपॅसिटर उभे असतात. वीज आत येते ती थोडी हिंदकळत येते, ती गाळून सपाट करून प्रोसेसरला द्यायचं त्यांचं काम. त्यांच्या पोटात ओलसर द्रावण असतं. वर्षानुवर्षं तापून ते सुकत जातं, काही वेळा त्याचा वायू होऊन डोकं फुगतं. फुटायचंच झालं तर नीट फुटावं म्हणून डोक्यावर फुलीसारखी खाच मुद्दाम पाडलेली असते. म्हातारा कपॅसिटर थंडीत आणखी नालायक होतो, आणि खोली तापली की कसाबसा काम करतो. त्यातून 2000 सालाच्या आगेमागे तैवानच्या काही कारखान्यांतून निकृष्ट द्रावणाचे कपॅसिटर लाखोंनी बाहेर पडले आणि जगभरचे बोर्ड त्यांच्यापायी अकाली मेले. द्रावणाचं सूत्र चोरलं, पण चोरणाऱ्याने ते अर्धंच चोरलं, अशी कथा त्या वेळी सांगितली जाई. खरी असो-नसो, चोरालाही इन्स्पेक्शन लागतं हे आप्पांना पटलेलं दिसलं.

आप्पांनी टॉर्च लावून पाहिलं. ओळीतल्या तीन पिंपांची डोकी इतरांसारखी सपाट नव्हती, किंचित घुमटासारखी होती. एकाच्या खाचेतून तपकिरी गोंदासारखं काही सुकलं होतं. बोट फिरवल्याशिवाय कळलं नसतं. सिद्ध करायचं म्हणून त्यांनी माझं केस वाळवायचं यंत्र मागितलं. सकाळी सात वाजता, अंगात स्वेटर, डोक्याला कानटोपी अशा अवस्थेत माझे सासरे कॉम्प्युटरच्या पोटात गरम वारा सोडत होते, आणि समोर नाना बागेतून शेकोटीचा धूर अंगावर घेऊन परतत होते. दोघांनी एकमेकांकडे पाहून हात केला. बटण दाबलं. एक छोटा बीप. मी मोजला, मलाच खात्री होती. काळा पडदा, चिन्ह, हिरवी टेकडी.

दुरुस्तीच्या दुकानात दाखवलं तर तिथल्या पोराने "काका, बोर्ड गेला" एवढंच सांगितलं. त्याचंही चूक नाही, हल्ली एक पिंप बदलण्यापेक्षा अख्खं मशीन बदलणं स्वस्त पडतं. शेवटी जुने टीव्ही दुरुस्त करणाऱ्या एका म्हाताऱ्या कारागिराने ते तीन कपॅसिटर बदलून दिले. सगळा मालमसाला शंभराच्या आत. सोल्डरचा वास दुकानभर पसरला तेव्हा आप्पांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी त्यांच्या पासष्टीलाही पाहिलं नव्हतं. कारागीर आणि आप्पा दोघं तासभर काहीच न बोलता शेजारी बसले होते आणि दोघांचं फार छान चाललं होतं.

कॉम्प्युटर आता सकाळी सुरू होतो. वंशावळीचं ताडून पाहणं चालू आहे : डावीकडे जुना पडदा, उजवीकडे लॅपटॉप, आप्पा वाचतात, मी रफार मागे ओढते. दुर्गाबाई झाल्या, पार्वतीबाई झाल्या, कीर्तिमाला म्हणून एक पणजीची बहीण निघाली जिचं नाव घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. मुलगा फोनवर विचारतो, काम झालं की तरी टाकणार ना? आप्पांनी रजिस्टरमध्ये 'दुरुस्त' असं अजून लिहिलेलं नाही. 'निरीक्षणाखाली' असं लिहिलं आहे, आणि पुढची थंडी जाईपर्यंत ते बदलणार नाहीत.

परवा नाना बागेतल्या मोटारीचा स्टार्टर हातात घेऊन आले. कधी उचलतो, कधी उचलत नाही. आप्पांनी मला वाटी आणायला सांगितली, वहीचं कोरं पान काढलं आणि आधी रकाने आखून घेतले.